चाकणचा कोट आणि छपन्न दिवस



रहाटणीहून चाकणला जायचे म्हणजे वीस-बावीस किलोमीटरची वाट. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी, कुरुळी, की आले चाकण. या मंडपात बसलेल्यांपैकी कितीतरी जण ही वाट रोज तुडवतात. कोणी पहाटेच्या पाळीला, कोणी रात्रीच्या. मीही ती वर्षानुवर्षे तुडवली. गेटसभा घेतल्या, मोर्चे नेले, समेट अधिकाऱ्यांच्या तारखांचे कागद बगलेत मारून एस.टी.ने हेलपाटे घातले. पण चाकणच्या नाक्यावर उतरून गावात शिरावे आणि तिथला कोट पाहावा, ही बुद्धी मला पहिली अकरा वर्षे झाली नाही. आमच्यातला एखादा मुलगा ‘चाकणला किल्ला आहे?’ असे आश्चर्याने विचारतो, तेव्हा मी त्याला हसत नाही. मला हसण्याचा अधिकार नाही.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझी शाळा नववीत सुटली; पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. त्या व्हरांड्यात ताटकळण्याला अंत नसतो, आणि हातात पुस्तक असले की ताटकळणे सोसते. ग्रँट डफ मी असाच वाचला, जदुनाथ सरकार असेच वाचले. तेव्हा आज सांगतो ते विद्वानांच्या पंक्तीतले नव्हे. एका कामगाराने एक भिंत पाहिली आणि तिच्याविषयी जे वाचायला मिळाले ते वाचले, एवढेच समजावे.

आधी ती भिंत. किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर उभा राहतो. शिवनेरी, राजगड, लोहगड, तिकोना. चाकणचा संग्रामदुर्ग मात्र सपाट जमिनीवर आहे. अशा किल्ल्याला आपण भुईकोट म्हणतो. त्याच्या पाठीशी कडा नाही, पायाशी दरी नाही. निसर्गाने त्याला काहीच दिलेले नाही. जे काही आहे ते माणसाने खणून आणि रचून केलेले. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याचे वर्णन सापडते: कोट जवळजवळ चौकोनी, कोपऱ्यांवर बुरूज, तट उंच, भोवती रुंद व खोल खंदक, पण त्यात पाणी फक्त उत्तरेच्या बाजूला, आत जायची वाट एकच, पूर्वेकडून, एकामागून एक अशा पाच-सहा दरवाजांतून. तटाच्या बाहेर मातीचा आणखी एक जुना कोट होता, आणि तो १२९५ मध्ये कोणा हबशी सरदाराने बांधला अशी परंपरा गॅझेटियरकारांच्या कानावर आली होती. ती खरी मानली तर देवगिरीस यादवांचे राज्य अजून चालू असतानाची ही गोष्ट ठरते. परंपरेच्या तारखा मी पगारपत्रकातल्या आकड्यांइतक्या गंभीरपणे घेत नाही, पण कोट फार जुना आहे एवढे त्यातून निश्चित कळते.

आज तिथे गेलात तर काय दिसेल? दरवाजाचे अवशेष दिसतील. काही बुरूज आणि मधल्या तटाचे तुकडे दिसतील. खंदकाचा जो भाग बुजायचा राहिला तो दिसेल. आत विष्णूचे देऊळ आहे. गावातली मंडळी सांगतात की मूळ कोटाचा पसारा पासष्ट एकरांचा होता आणि आता साडेपाच एकर उरला आहे. बाकीच्यावर घरे आली, रस्ते आले, दुकाने आली. मला त्याचा राग येत नाही. ज्या तटाला दोनशे वर्षे कोणी विचारले नाही, त्याचा दगड एखाद्या गरिबाने जोत्याला वापरला, तर त्याला गुन्हेगार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. उरलेल्या भागाची अलीकडच्या काळात थोडी डागडुजी झाली आहे, ती बरी झाली आहे.

कोट इथेच का, हा प्रश्न पडला की मला आपला औद्योगिक पट्टा आठवतो. चाकण हे चौरस्त्याचे गाव. उत्तरेला जुन्नर आणि पुढे नाशिक, दक्षिणेला पुणे. पश्चिमेला मावळातून कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा, पूर्वेला नगरचा मुलूख. जमीन सपाट आणि मोकळी, तोफेचा गाडा असो की मालाचा, कुठेही न अडखळता यावा अशी. कारखानदाराने जागा निवडताना जे पाहिले तेच सुलतानाने पाहिले होते. चाकणच्या चक्रेश्वराची एक लोककथा आहे, की दशरथाच्या रथाचे चाक इथे पडले आणि त्यावरून गावाला नाव मिळाले. आज ज्या गावाच्या शिवारात दुचाकी आणि मोटारी तयार होतात, त्याच्या नावाची कथा चाकाची असावी, हा योगायोग मला फार आवडतो. असो.

या कोटाची पहिली मोठी कथा भीषण आहे, आणि ती शिवकालाच्या दोनशे वर्षे आधीची आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यास बहामनी सुलतान अल्लाउद्दीन याने कोकण जिंकण्यासाठी मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन या सरदाराला पाठवले. त्याने चाकणला आपले ठाणे केले. बहामनी दरबारात त्या वेळी दोन तट होते. एक दख्खनी सरदारांचा, त्यांच्याबरोबर हबशी. दुसरा परदेशींचा, म्हणजे इराण, अरबस्तान, तुर्कस्तान इकडून आलेल्यांचा. मलिक-उत्-तुज्जार परदेशी गटाचा. कोकणातल्या एका शिर्के सरदाराने शरण आल्याचे दाखवून त्याला वाट दाखवतो असे सांगितले, खेळण्याच्या, म्हणजे पुढच्या विशाळगडाच्या, बाजूच्या रानात नेले आणि तिथे घेरून त्याची फौज कापून काढली. मलिक-उत्-तुज्जारही पडला. वाचलेले परदेशी कसेबसे चाकणच्या कोटात आले.

खरी कथा इथून पुढे सुरू होते. दख्खनी सरदारांनी सुलतानाला कळवले की पराभव या परदेशींच्या हट्टामुळे झाला आणि आता ते चाकणात बंड करून बसले आहेत. कोटातल्यांनी आपली बाजू मांडणारी पत्रे लिहिली, पण ती वाटेत अडवली गेली. सुलतानाचा हुकूम सुटला. चाकणला वेढा पडला आणि सुमारे दोन महिने चालला. कोट लढून पडत नाही असे दिसल्यावर बाहेरच्यांनी शपथा वाहिल्या, अभय दिले, आणि आतल्या लोकांना बाहेर बोलावून मेजवानी दिली. त्या मेजवानीत त्यांची कत्तल झाली. फिरिश्त्याने हा प्रसंग तपशिलाने लिहिला आहे. मेलेल्यांत सय्यद कितीतरी होते, असे तो सांगतो. पुढे सुलतानाला सत्य कळले आणि त्याने कारस्थान करणाऱ्यांना शिक्षा केली. पण चौकशी न्यायाने झाली म्हणून मेलेली माणसे उठून बसत नाहीत.

ही कथा लक्षात ठेवा. कोट पडला नव्हता. दरवाजा आतून उघडला गेला होता, शब्दावर विश्वास ठेवून.

मधला काळ मी भरभर सांगतो. १४८६ च्या सुमारास चाकणच्या जैनुद्दीन नावाच्या किल्लेदाराशी जुन्नरच्या मलिक अहमदाचे युद्ध झाले. किल्लेदार लढून मेला आणि कोट मलिक अहमदाकडे गेला. हाच मलिक अहमद पुढे निजामशाहीचा संस्थापक. त्याच निजामशाहीत मालोजीराजे भोसल्यांना पुणे आणि सुपे यांची जहागीर मिळाली आणि शिवनेरी व चाकण हे किल्ले त्यांच्याकडे सोपवले गेले, असे इतिहासकार सांगतात. शहाजीराजांच्या काळात चाकणचा किल्लेदार होता फिरंगोजी नरसाळा. १६४७ मध्ये दादोजी कोंडदेव वारल्यावर तरुण शिवाजीराजांनी जहागिरीची सूत्रे हाती घेतली, तेव्हा फिरंगोजी त्यांना येऊन मिळाला, आणि राजांनी कोट त्याच्याकडेच कायम ठेवला.

आता १६६०. औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान मोठी फौज घेऊन दक्षिणेत उतरला आणि ९ मे रोजी पुण्यात आला. त्याच्या अडचणी त्या वेळच्या कोणत्याही सेनापतीच्याच होत्या: इतक्या माणसांना आणि जनावरांना खायला घालायचे कसे? रसद नगरकडून यायची. पुणे आणि नगर यांच्यामधल्या वाटेवर चाकणचे ठाणे मराठ्यांच्या हातात राहणे त्याला परवडणारे नव्हते. १९ जूनला त्याने पुणे सोडले, २१ जूनला चाकण गाठले आणि चारी बाजूंनी मोर्चे बांधले. उत्तरेच्या बाजूला तो स्वतः राहिला. खानाची फौज वीस हजारांच्या घरात आणि आत फिरंगोजीजवळ तीन-साडेतीनशे माणसे, असे आपल्याकडे सांगण्याचा प्रघात आहे. हे आकडे वरखाली झाले तरी कथा बदलत नाही.

शिवाजीराजे त्या वेळी पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. तिथून ते जुलैच्या मध्यास निसटले, पण चाकणला मदत पाठवावी अशी सोय त्यांच्याजवळ नव्हती. म्हणजे कोटातल्या माणसांना एवढे पुरते ठाऊक होते की बाहेरून कोणी येणार नाही.

पावसाळा लागला होता. ज्यांनी चाकणच्या काळ्या मातीत आषाढ-श्रावणात चाक रुतलेले पाहिले आहे, त्यांना मोगलांच्या मोर्च्यांची कल्पना मी द्यायला नको. तोफा चिखलात, तंबू पाण्यात, दारू भिजलेली. कोटातले लोक रात्री बाहेर पडून मोर्च्यांवर छापे घालत. तोफांनी तट पडत नाही असे दिसल्यावर खानाने दुसरा उपाय धरला. आपल्या मोर्च्यापासून ईशान्येच्या बुरुजाखालपर्यंत त्याने भुयार खणवले.

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण पुस्तकात हे एका ओळीत येते. ‘सुरुंग लावला’ हे दोन शब्द आहेत. काम दोन शब्दांचे नव्हे. मोगल फौजेबरोबर बेलदार असत, कुदळ-फावड्याचे लोक. ते भुयार त्यांनी खणले. भर पावसाळ्यात, कोटावरून बाण-गोळ्या येत असताना, जमिनीखाली ओणवे होऊन, माती टोपल्यांनी मागे सरकवत. आणि गॅझेटियर म्हणते की खंदकाला पाणी होते ते उत्तरेलाच. हे खरे असेल तर ज्या बाजूला पाणी झिरपण्याचे भय सर्वांत जास्त, त्याच बाजूने हे भुयार गेले, असा माझा तर्क आहे. मी विहिरीच्या कामावर दोन उन्हाळे काढले आहेत. बाजूची माती ओली लागू लागली की पोटात कसा गोळा येतो, ते मला माहीत आहे. त्या बेलदारांतले एकाचेही नाव कोणत्याही बखरीत नाही.

दोनशे वर्षांपूर्वी, १४५३ मध्ये, तुर्कांचा सुलतान दुसरा महंमद याने कॉन्स्टँटिनोपल शहराला वेढा घातला, तेव्हाही हेच झाले होते. तिथल्या तटाखाली भुयारे खणायला त्याने सर्बियातल्या नोव्हो ब्र्दो येथील चांदीच्या खाणीतले मजूर आणले होते. शहरातल्या लोकांनी योहान्नेस ग्रांट नावाच्या जाणकाराच्या देखरेखीखाली उलट भुयारे खणून ती हाणून पाडली. तोफेने तट दिवसा फुटे आणि रात्री शहरातले स्त्री-पुरुष लाकडे, माती, पिंपे टाकून भगदाड बुजवत. जगातला सर्वांत भक्कम समजला जाणारा तो तट शेवटच्या आठवड्यांत मातीच्या आधारावर उभा होता.

चाकणलाही तेच. १४ ऑगस्ट १६६० रोजी दुपारी तीनच्या सुमारास सुरुंगाला बत्ती दिली. बुरूज आणि त्यावरची माणसे हवेत उडाली. मोगल फौज भगदाडाकडे धावली. आणि तिथे थबकली. कारण उडालेल्या बुरुजाच्या मागे मातीचा एक उंच बांध उभा होता.

जदुनाथ सरकारांच्या पुस्तकात ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पान उलटायचे विसरलो होतो. याचा अर्थ काय होतो पाहा. आतल्या लोकांना हा बुरूज जाणार हे कळले होते. त्यांनी तो सोडला नाही, त्यावर माणसे उभीच ठेवली, आणि त्याच वेळी त्याच्या मागे दुसरी भिंत रचत गेले. ती दगडाची नव्हती. दगड आणायला वेळ नव्हता, बाहेर जायची सोय नव्हती. आतलीच माती, आतलीच घमेली, आतलीच माणसे. आणि दिवसा लढलेली माणसेच रात्री ओझी वाहत असणार, कारण दुसरी आणायची कुठून? त्या बांधाआडून त्यांनी बाण, बंदुका, दारूचे गोळे आणि दगड यांचा मारा केला. संध्याकाळपर्यंत झुंज चालली. मोगलांना आत शिरता आले नाही. ती रात्र त्यांनी रक्ताने भिजलेल्या त्याच जागेवर काढली.

दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, ते पुन्हा चढले. या वेळी तट त्यांच्या हाती आला. कोटातले कितीतरी कापले गेले, उरलेले बालेकिल्ल्यात हटले. जदुनाथ सरकारांच्या हिशेबाने मोगलांकडचे २६८ ठार आणि ६०० जखमी झाले. एका भुईकोटासाठी!

वेढ्याचे दिवस किती, यावर मंडळी वाद घालतात. कोणी ५४ म्हणतो, कोणी ५५, कोणी ५६. मला या वादाची गंमत वाटते, कारण संपाचे दिवस मोजताना आमच्यात हाच वाद होतो. पहिला दिवस धरायचा की नाही? शेवटचा धरायचा की नाही? २१ जून सोडून १४ ऑगस्टपर्यंत मोजा, ५४ भरतात. २१ जून धरा, ५५ झाले. १५ ऑगस्टही धरा, ५६. सगळेच बरोबर. मी ५६ म्हणतो. शेवटच्या दिवशी जो बालेकिल्ल्यात उभा होता, त्याचा दिवस मला हिशेबातून वगळवत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज उभा राहिलो, तिच्याकडे वळतो. फिरंगोजी बालेकिल्ल्यात मेला नाही. त्याने बोलणी केली. खानाच्या फौजेत बुंदीचे राव भावसिंह हाडा होते. त्यांच्यामार्फत बोलणे झाले आणि कोट खानाच्या हवाली झाला. उरलेली माणसे जिवंत बाहेर पडली. शायिस्ताखानाने फिरंगोजीला मानाने वागवले, बादशाही चाकरी देऊ केली; त्याने ती नाकारली, तेव्हा त्याला जाऊ दिले. तो राजांकडे गेला. कोट हातचा घालवून आलेल्या या किल्लेदाराचा राजांनी गौरव केला आणि पुढे भूपाळगडासारखा किल्ला त्याच्या हाती दिला.

मी तरुण असताना हे वाचले असते, तर मला ते आवडले नसते. का, ते सांगतो.

१९९० नंतरच्या दशकातली गोष्ट. आपल्याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात संप झाला. कारखान्याचे नाव सांगत नाही. त्याने आता काही बदलणार नाही. युनियनचे पुढारी साठीतले होते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू. चाळिसाव्या दिवशी अण्णा समेट अधिकाऱ्यांकडून एक कराराचा मसुदा घेऊन आले. मागितले होते त्याच्या निम्मी पगारवाढ, पण निलंबित केलेली सगळी माणसे कामावर परत, आणि कोणावर सूड उगवायचा नाही असे लेखी कलम. गेटसभेत अण्णा म्हणाले, घरातले धान्य संपले आहे, हे घेऊ या. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि माझा आवाज मोठा होता. मी उठून म्हणालो की म्हातारा विकला गेला. पुढचे मला ऐकूही आले नाही, इतक्या टाळ्या पडल्या.

त्यानंतर संप आणखी त्रेचाळीस दिवस चालला. ते लोक शूर नव्हते असे कोणी म्हणू नये. बायकांनी डोरली गहाण टाकली. पण त्र्याऐंशीव्या दिवसानंतर एकेक जण गेटवर जाऊन चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर सही करून आत जाऊ लागला. करार झालाच नाही. निलंबितांना आत घेतले नाही. त्यांतला एक पुढे पिंपरीच्या मंडईत हमाली करताना मला दिसे. तो ओळख दाखवी, आणि तेच मला जड जाई. अण्णा गावी निघून गेले. मी त्यांना भेटायला जायचे ठरवत राहिलो, आणि ते गेल्याची बातमी आली.

बंधूंनो, तह करणारा तेवढा शहाणा, असा सिद्धांत मी मांडायला आलेलो नाही. तो इथे टिकणारही नाही. ज्या कोटातून फिरंगोजी चालत बाहेर आला, त्याच कोटातून दोनशे वर्षांपूर्वी ते परदेशी लोकही शपथेवर विसंबून बाहेर आले होते, आणि ताटावर बसलेले असताना कापले गेले. वेढ्याचे दिवसही जवळपास सारखेच: तेव्हाही सुमारे दोन महिने, याही वेळी. फरक होता तो शब्द कोणाचा यात. पहिल्या वेळी शपथ वाहणारे तेच होते ज्यांनी खोटे लिहून वेढा पडवला होता. दुसऱ्या वेळी मध्ये एक तिसरा माणूस उभा होता, ज्याला आपला शब्द मोडला गेला तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि दुसरा फरक त्या मातीच्या बांधाचा. बुरूज उडाला त्या क्षणी फिरंगोजीने पांढरे निशाण दाखवले असते, तर खानाने त्याच्याशी बोलणी कशाला केली असती? पुढे आणखी एक दिवस झुंज मिळाली म्हणून त्याच्या शब्दाला किंमत आली. अण्णांच्या मसुद्यात सूड न घेण्याचे जे लेखी कलम होते, ते आमच्या चाळीस दिवसांनी मिळवलेले होते. आमचा बांध चाळिसाव्या दिवशी उंच होता. त्र्याऐंशीव्या दिवशी तो वाहून गेला होता, आणि तेव्हा मध्ये उभा राहायला कोणीही नव्हते.

खानाने कोटाचे नाव इस्लामाबाद ठेवले. नावे काय, ठेवणाऱ्याबरोबर जातात. चाकण चाकणच राहिले. एका भुईकोटाला छपन्न दिवस आणि इतकी माणसे लागली, मग डोंगरी किल्ल्यांना किती लागतील, हा हिशेब खानाने केलाच असला पाहिजे, कारण चाकणनंतर तो पुण्याला परत गेला आणि सह्याद्रीतल्या मोठ्या गडांच्या वाटेला गेला नाही. पुण्यात लाल महालात त्याचा मुक्काम होता. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री राजांनी तिथे शिरून त्याची बोटे तोडली, ती कथा आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. चाकण पुढे काही वर्षांनी परत आले. पेशवाईच्या अखेरच्या युद्धात, १८१८ च्या फेब्रुवारीत, इंग्रजांच्या लेफ्टनंट कर्नल डीकनच्या फौजेने ते घेतले, आणि तिथे कोटाचे लढणे संपले.

जो ईशान्येचा बुरूज उडाला, त्याच्या जागी मी पुष्कळदा जाऊन उभा राहिलो आहे. सोबत कोणी असले तर विचारतात, तो मातीचा बांध कुठे आहे? तो नाही. दगडाचा तट अर्धामुर्धा उरतो, विष्णूचे देऊळ उरते. रात्रीतून रचलेली माती चार पावसाळ्यांत जमिनीला मिळते. गावातल्या एका आजोबांना मी हे सांगितले, तेव्हा ते पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवून म्हणाले, ‘मग तुम्ही उभे कशावर आहात?’ त्यांनी ते मोठ्या गंभीरपणे म्हटले नव्हते, मी उभा होतो ती जागा थोडी उंच होती, इतकेच.

हा कोट पाहायला हिवाळ्यात जाऊ नका, असे मी सुचवीन. हिवाळ्यात तो नुसता पडका दिसतो. आषाढात जा, पाऊस चालू असताना. रहाटणीहून सकाळी लवकर निघाले तर पहिल्या पाळीची गर्दी लागण्यापूर्वी पोहोचता येते. या वर्षी आमच्या युनियनमधली काही मुले २१ जूनला यायची म्हणत आहेत. गॅझेटियर म्हणते की खंदकाला पाणी फक्त उत्तरेच्या बाजूला. ते आजही तसेच साचते का, हे आम्हाला पाहायचे आहे. कोणाला यायचे असेल त्यांनी व्याख्यानानंतर नाव सांगावे. छत्री आणावी, आणि पायात चिखलाची भीती नसलेले काहीतरी.